विचारणाऱ्याला उत्तर

माझ्याकडे एक वही होती. दोनशे पानी, सिमेंटच्या पोत्याच्या खाकी कागदाचं कव्हर घातलेली. कव्हरवर लाल शाईने मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'विश्वासाचं समर्थन'. आत डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर उत्तर आणि उत्तराखाली शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, आधार. देव एक की तीन? बायबल मधल्या काळात बदललं गेलं का? मेलेला माणूस उठला हे पाहिलं कुणी? देव चांगला आहे तर दुष्काळ का पडतो? असे एकेचाळीस प्रश्न मी जमवले होते. तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि बेचाळिसावा प्रश्न जगात नाही अशी माझी खात्री होती.

वहीच्या पहिल्या पानावर येशूचा शिष्य पेत्र याच्या पत्रातलं एक वचन होतं. साऱ्या समर्थनाचा पाया हेच वचन, असं आमच्या चर्चचे पाळकसाहेब सांगत. वचनाचा अर्थ असा की तुम्ही कशाच्या आशेवर जगता हे कुणी विचारलं, तर उत्तर द्यायला तयार असा. त्याच वचनात पुढे म्हटलंय की ते उत्तर सौम्यपणे आणि समोरच्याचा मान राखून द्या. पण माझं अक्षर मोठं, पान तेवढ्यातच संपलं, आणि सौम्यपणा नि मान लिहायचे राहून गेले. मी ते मुद्दाम केलं नव्हतं. मला ओळखणारे म्हणतील, मुद्दामच केलं असणार.

मला गप्प बसवत नाही, आजही नाही. एस.टी.त शेजारच्या सीटवर दोन माणसं देवाधर्माचं बोलायला लागली की माझे कान टवकारतात आणि दोन मिनिटांत मी त्यांच्यात असते. बोलून झालं की रात्रभर चुटपुट लागते की अमुक वचन सांगायचं राहिलं. आई म्हणायची, "तुझ्या जिभेला सुट्टी न्हाई. जरा दम खा." दम खाणं मला जमलं नाही.

आई बायबलबाई होती. आता हा शब्दही कुणाला ठाऊक नसतो, म्हणून सांगते. चर्चने नेमलेली ही बाई खांद्याला कापडी पिशवी लावून खेडोपाडी पायी फिरायची. पिशवीत शास्त्र, बोरिक पावडर आणि जुन्या धोतराच्या धुतलेल्या पट्ट्या. बायकांच्यात बसायचं, शास्त्रातली एखादी गोष्ट वाचायची, कुणाचं पत्र लिहून द्यायचं, कुणाची जखम धुवायची आणि दिवस कलायच्या आत परत यायचं. आई वाद घालत नसे. कुणी म्हणालं, "तुमचा देव परदेशी," तर म्हणायची, "आसंल बाई. तुमच्या नातवाचा खोकला थांबला का?" मी सोबत असले तर माझं डोकं फिरायचं. अगं, सांग ना त्यांना, येशू आपल्याच आशिया खंडातला! सांग ना, त्याचा शिष्य केरळच्या किनाऱ्याला आला असं मानतात, गोरे लोक तर कैक शतकांनंतर आले! पण पालथ्या घड्यावर पाणी. ती खोकल्याच्या मागे लागलेली असायची.

वहीतला पहिला प्रश्न मात्र वादाचा नव्हता, तो जखमेचा होता. प्रश्न असा: तुम्ही मिलोसाठी धर्म बदलला का?

मी दहा वर्षांची असताना मोठा दुष्काळ पडला. आम्ही तेव्हा नांदेड जिल्ह्यात बिलोलीला राहत होतो. वडील होते, चर्चच्या आवारात दोन खोल्या होत्या, आणि आवाराच्या विहिरीत बादली खडकाला लागून खणखणायची. परदेशातून मदतीचा तांबडा मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, आला. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांनी खाल्ला, पाटलाच्या गड्यांनी खाल्ला, शाळेच्या गुरुजींनीही खाल्ला. त्याच्या भाकरीला ना चव, ना चिकटपणा, थापताना तुकडे पडायचे. मिलो साऱ्या गावानं खाल्ला, पण नाव पडलं आम्हाला. शाळेत पोरं मला 'मिलोवाली' म्हणायची. माझा पहिला धर्मविषयक युक्तिवाद म्हणजे एका मुलीच्या झिंज्या ओढणं. त्याबद्दल गुरुजींनी छड्या दिल्या आणि आईनं त्या मुलीच्या घरी जाऊन माफी मागितली, तीही मला पुढं उभं करून.

वहीत या प्रश्नाला मी दोन पानं दिली होती. मुद्दा पहिला, माझ्या पणजोबांनी निजामाच्या काळात बाप्तिस्मा घेतला. मुद्दा दुसरा, मिलो त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आला. म्हणून आरोप खोटा. हे उत्तर मी आईला मोठ्या तोऱ्यात वाचून दाखवलं होतं. ती तांदूळ निवडत होती.

"तुझ्या पणज्याच्या येळंला बी दुष्काळच होता," ती म्हणाली. "भूक लागली म्हणून गेले ते पाद्र्याच्या दारात. खोटं कशाला लिवती?"

"मग लोक म्हणतात ते खरं का?"

"भूक लागल्यावर माणूस भाकरीकडंच जातंय. प्रभूच्या मागं पण हजारो लोक भाकरीसाठीच गेलते की. जेवून झाल्यावर थांबले कोण, अन् कशानं थांबले, ते बघ."

मी ते वहीत लिहिलं नाही. शत्रूच्या हाती कोलीत कोण देईल?

वडील वारल्यावर चर्चने आईला अहमदपूरला पाठवलं. तिथं आम्ही रुळलो न रुळलो तोच लातूर जिल्हा वेगळा झाला. त्याआधी जिल्ह्याच्या कामाला उस्मानाबाद गाठावं लागे. आता सकाळी लातूरला जाऊन संध्याकाळी घरी. नव्या जिल्ह्याच्या नव्या कचेऱ्या, नव्या पाट्या, नव्या जागा. स्टँडवर जो तो अर्ज लिहीत होता. पाऊस मात्र जुन्याच जिल्ह्यात राहिल्यासारखा दोन वर्षं फिरकला नव्हता. टँकरच्या रांगेत घागर लावून मी टायपिंगच्या क्लासला पळायची आणि परत आल्यावर माझ्या घागरीच्या जागेवरून भांडायची.

शनिवारी दुपारी चर्चमध्ये तरुण मुलामुलींचा वर्ग मी घ्यायची. वर्ग कसला, तालीमच ती. एकानं प्रश्न फेकायचा, दुसऱ्यानं वचनासकट उत्तर द्यायचं. पाळकसाहेब कौतुकानं म्हणत, "ही मुलगी म्हणजे मंडळीची तलवार." ते ऐकून मी दोन दिवस जमिनीवर नसायची.

तलवारीला धार लावायला एक चाचा होते. स्टँडजवळ त्यांचं शिलाईचं दुकान होतं, पाच वेळचे नमाजी, गळ्यात टेप, चष्म्याच्या काडीला दोरा गुंडाळलेला. माझं पोलकं शिवायला टाकलं की मी तासभर तिथं उभी राहून देव एकच पण तिघांत, हा त्रैक्याचा सिद्धांत समजावायची. चाचांचे पाय मशीनवर, नजर शिलाईवर. एकदा मी तीन वचनं आणि दोन दाखले देऊन थांबले, तेव्हा त्यांनी दोरा दातानं तोडला.

"बेटा, जवाब लई लंबा हाय तुझा. याद बी चांगलं हाय तुला. पन मी इचारलं कवा?"

मी म्हणाले, "तुमच्या मनात असेल म्हणून."

"माझ्या मनात तुझ्या बाहीचं माप हाय. हात वर कर."

मी चिडून घरी आले. चाचांना उत्तर सुचलं नाही म्हणून त्यांनी विषय बदलला, असं मी वर्गात सांगितलं आणि सगळे हसले.

खरा घाव घातला तो माझ्या मैत्रिणीनं, आणि तोही अगदी सहज. ती टायपिंगला माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची. बौद्ध घरातली, वडील शाळेत शिपाई. लातूरच्या एका कचेरीत टायपिस्टच्या जागा निघाल्या, आम्ही दोघींनी परीक्षा दिली, दोघींचीही नावं यादीत आली. पुढच्या आठ दिवसांत कागदपत्रं नेऊन द्यायची होती, त्यात जातीचा दाखला. आम्ही दोघी स्टँडवर उसाचा रस पीत होतो.

ती म्हणाली, "आमचं शाळेच्या कागदावर बी बौद्धच हाय. नाव घालताना गुरुजी म्हणले, जुनंच राहू द्या, फायद्याचं हाय. बाबा म्हणले, आम्ही सोडलं ते सोडलं, जे हाय ते लिवा. तुझ्या कागदावर काय हाय?"

मी रसाचा ग्लास खाली ठेवला.

माझ्या कागदावर हिंदू-मांग होतं. आमच्या मंडळीतल्या बहुतेक घरांचं तसंच होतं. रविवारी गायनाचं पुस्तक घेऊन पहिल्या बाकावर बसणारे वडीलधारे सोमवारी कागदावर वेगळे असत. ख्रिस्ती लिहिलं की सवलत जाते, मुलं शिकणार कशी, म्हणून नाव घालतानाच जुनं लिहायचं, अशी पद्धत पडून गेली होती. त्यावर कुणी बोलत नसे, चर्चमध्येही नाही आणि चर्चबाहेरही नाही. मी त्यांना आज नावं ठेवणार नाही. ज्यांनी शतकानुशतकं वेशीबाहेर काढली, त्यांनी धर्म बदलला म्हणून वेस काही उघडली नव्हती. माझं नाव शाळेत घातलं तेव्हा आई खेड्यावर गेलेली होती. वडिलांनी सगळे लिहितात तसं लिहिलं. आईला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मला इचारायचं तरी होतं."

"काय गं, काय हाय?" मैत्रिणीनं पुन्हा विचारलं.

मी उत्तर टाळून म्हणाले की बस सुटेल. ती माझ्याकडे पाहून हसली. "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," म्हणाली. तिनं ते चेष्टेत म्हटलं होतं. ती म्हण त्या दिवसापासून मी कुणासाठीही वापरलेली नाही.

दाखल्यासाठी शाळेचा कागद पुरला नाही. आईचं शपथपत्र हवं होतं. आम्ही हिंदू धर्माचे आहोत आणि त्याप्रमाणेच वागतो, असं त्यात टाइप केलेलं. टाइप मीच केलं होतं. एकही चूक न करता.

मी कागद आईपुढं ठेवला आणि धाडधाड बोलत सुटले. ही फक्त रीत आहे. देव मन बघतो, कागद बघत नाही. शास्त्रातच नाही का, तो सेनापती आपल्या राजाबरोबर परक्या देवळात वाकायचा आणि संदेष्ट्यानं त्याला शांतीनं जा म्हटलं? बघ, आधार आहे. एकेक मुद्दा मी बोटांवर मोजला. माझं शास्त्राचं ज्ञान त्या दिवशी जेवढं कामाला आलं, तेवढं कधीच आलं नव्हतं.

आईनं कागद दोनदा वाचला. डोळ्यांजवळ नेऊन, ओळीवर बोट ठेवून.

"मी काय शपथ घेणार, अन् कुणाची?" तिनं विचारलं.

"माय, नोकरी जाईल! तुझे पाय बघ, भेगा पडल्या. किती वर्षं चालणार?"

तिनं पाय लुगड्याखाली ओढून घेतले. मग म्हणाली, "बरं. चल उद्या. बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं धुतलेलं पांढरं लुगडं नेसलं, पिशवी खांद्याला लावली आणि माझ्याआधी दारात उभी राहिली. पिशवीत नेहमीप्रमाणे शास्त्र होतं. मी म्हणाले, आज पिशवी राहू दे. ती म्हणाली, सवय आहे, नसली की खांदा रिकामा वाटतो. आणि ती पिशवी घेऊनच निघाली.

अहमदपूरच्याच तहसील कचेरीत गर्दी होती. टंचाईच्या अर्जांचे गठ्ठे टेबलावर, जमिनीवर, खिडकीत. आमचं काम ज्या कारकुनाकडे होतं ते चाळिशीतले, सावळे, पान खाणारे गृहस्थ. त्यांनी माझे कागद एकेक करून लावले, शपथपत्र वर ठेवलं आणि आईसमोर सरकवलं.

"इथं सही करा, बाई."

आईनं पेनचं टोपण काढलं. एवढ्यात त्या गृहस्थांनी तिच्याकडे नीट पाहिलं, मग पिशवीकडे पाहिलं.

"बाई, तुम्ही बिलोलीकडच्या का? मी बी तिकडचाच. नवा जिल्हा झाला तवा नांदेडाहून बदलून आलो. मोठ्या दुष्काळात आमच्या वाडीवर एक बायबलबाई यायच्या. अशीच पिशवी. त्या तर न्हवं तुम्ही?"

त्यांच्या आवाजात संशय नव्हता. आनंद होता. इतक्या लांब ओळखीचं माणूस सापडल्याचा साधा आनंद. पण मला वाटलं, आता सगळं संपलं. आई तोंड उघडायच्या आत मीच बोलले.

"न्हाई न्हाई. ती दुसरी कोणी असंल. आमची आई असलं काही करत न्हाई. तिला शास्त्रबिस्त्र काय माहीत न्हाई."

आणि मला ती वाडी पूर्ण आठवत होती. खडी फोडताना दगड पडून पाय चेचलेली एक म्हातारी तिथं होती, तिचा मुलगा नांदेडला कचेरीत होता. जखमेत किडे झाले होते. आई महिनाभर रोज तिथं जायची, कडुलिंबाचा पाला घालून उकळलेल्या पाण्यानं पाय धुवायची. शाळेला दुष्काळाची सुट्टी होती, म्हणून मी बरोबर असायची. पाण्याचा तांब्या धरून उभी राहायची आणि वास येऊ नये म्हणून तोंडानं श्वास घ्यायची.

आईनं माझ्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त पाहिलं, जसं एखाद्या घरी जखम पहिल्यांदा उघडताना पाहायची तसं. मग ती त्या गृहस्थांकडे वळली.

"भाऊ, तुमच्या आईचा पाय कसा हाय आता? डावा."

त्यांच्या हातातला शिक्का तसाच राहिला. "गेली ती, बाई. दोन वर्षं झाली. पन पाय चांगला झालता. शेवटपर्यंत आपल्या पायानं रानात जायची."

आईनं पेन टेबलावर ठेवलं आणि ती समोरच्या बाकावर बसली. म्हातारी कशानं गेली, शेवटी कोण जवळ होतं, सुना नीट बघायच्या का, हे सगळं तिनं विचारलं. मागं रांग खोळंबली होती. मी नखं कुरतडत उभी होते. सगळं ऐकून झाल्यावर आई उठली, शपथपत्राची घडी घातली, पिशवीत शास्त्राशेजारी ठेवली आणि म्हणाली, "सलाम भाऊ. येते." सही झालीच नाही.

टोपण काढलं तेव्हा ती सही करणार होती का? हा प्रश्न मला आजही सोडत नाही. कदाचित माझ्यासाठी तिनं ती केलीही असती. कदाचित माझं खोटं ऐकूनच तिचा हात थांबला असेल. मी तिला कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला ती नाही.

परतीच्या वाटेवर मी भर रस्त्यात तोंड सोडलं. टँकरच्या रांगेतल्या बायका घागरी सोडून बघायला लागल्या. तुझ्या म्हातारीच्या पायापायी माझं आयुष्य गेलं म्हणाले. एक शब्द धड बोलता येत नाही तुला, आणि म्हणे बायबलबाई, असंही म्हणाले. हे वाक्य मी लिहिते आहे कारण ते मी बोलले होते. आई माझ्या मागून चालत होती, मुलाबाळांची चौकशी करणाऱ्या बायकांना "बरं हाय" म्हणत.

घरी आल्यावर तिनं भाकऱ्या टाकल्या, पिठलं केलं आणि माझ्यापुढं ताट ठेवलं. "जेव," म्हणाली. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तिनं ताटावर दुसरं ताट झाकलं. मी जेवले नाही. आठ दिवसांची मुदत संपली आणि नोकरी गेली. माझी मैत्रीण रुजू झाली. जायच्या आधी पेढा घेऊन आली, तेव्हा मी घरात असून बाहेर आले नाही.

मधल्या शनिवारी वर्ग होता. मी पेत्राचं पत्र उघडलं, तेच नेहमीचं वचन वाचायला. वचनाऐवजी माझी नजर वर पेत्राच्या नावावर थांबली. एवढी वर्षं मी ते वचन लोकांच्या अंगावर फेकत होते, पण ते लिहिलं कुणी हे माझ्या डोक्यात कधी शिरलं नव्हतं. उत्तर द्यायला तयार असा, असं लिहिणारा माणूस तोच, ज्याला येशूच्या अटकेच्या रात्री अंगणातल्या शेकोटीजवळ एका मोलकरणीनं विचारलं होतं की तूही येशूसोबतचा ना, आणि तो म्हणाला होता की मी त्याला ओळखत नाही. विचारणारी राणी नव्हती, पंडित नव्हती. प्रश्न कठीण नव्हता. त्रैक्याचा नव्हता, पुनरुत्थानाचा नव्हता. तू त्याच्यातला का, एवढाच प्रश्न. आणि तिथं तो साफ पडला. सौम्यपणा आणि मान ही अट त्याच्या लेखणीतून उगीच उतरली नसणार. पडून उठलेल्या माणसाचीच ती अट होती. माझ्या वहीत नेमकी तीच गाळलेली होती. मी मुलांना म्हणाले, डोकं दुखतंय, घरी जा. डोकं दुखत नव्हतं. मला माझी लाज वाटत होती, आणि लाज वाटते म्हणून पुन्हा राग येत होता, तोही आईचाच.

ती तशीच होती. सकाळी पिशवी घेऊन जायची, दुपारी यायची. मी बोलत नव्हते आणि ती बोलायला लावत नव्हती. मला बसवेना, उभं राहवेना. मी घरभर फिरायची, धुतलेली भांडी पुन्हा घासायची, पाण्याची टंचाई असताना.

तीन आठवड्यांनी एका रविवारी दुपारी ते कारकून सायकलवरून आमच्या घरी आले. पाळकसाहेबांना पत्ता विचारून आले होते. काही वाचकांना वाटेल की पुढे त्यांनी बाप्तिस्मा घेतला असेल. तसं काही झालं नाही. ते शेवटपर्यंत खंडोबाचे भक्त राहिले. त्या दिवशी ते ओसरीवर बसले, टोपी मांडीवर ठेवली, आणि मी आणलेलं पाणी प्यायले. उन्हानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

"बाई, एक इचारायचं हाय," ते आईला म्हणाले. "राग मानू नका. कागद तयार होता, पेन तुमच्या हातात होतं. लेकीची नोकरी होती. लोक सह्या करत्यात अन् जात्यात, मी रोज बघतो. तुम्ही का थांबला? असं काय हाय त्याच्यात? माझ्या डोक्यातनं जाईना."

मी दारात रिकामा तांब्या घेऊन उभी होते. हे वचनातल्यासारखंच चाललं होतं. इतक्या वर्षांत मला कुणी काही विचारलंच नव्हतं. चाचा म्हणाले ते खरं होतं. मीच लोकांना गाठून उत्तरं देत सुटले होते. आज पहिल्यांदा एक माणूस उन्हातान्हात सायकल मारून कारण विचारायला आला होता. आणि तो माझ्याकडे आला नव्हता.

आई लाजल्यासारखी हसली. "मला काय बोलता येत न्हाई, भाऊ. हिला इचारा. हिला सगळं येतंय. हिच्याकडं वही हाय."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा मारणं तिला येतच नव्हतं. तिला खरंच वाटत होतं की उत्तर माझ्याकडे आहे. दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

वही आत फळीवर होती. दोन पावलांवर. मी हललेच नाही.

"भाऊ," मी म्हणाले, "त्या दिवशी मी खोटं बोलले. तुमच्या आईचा पाय धुवायची ती हीच. मला नोकरी पायजे होती, म्हणून मी माझ्या आईला ओळख दिली न्हाई. ती जे करते ते मला चांगलं माहीत होतं. पाण्याचा तांब्या मीच धरायची."

एकही वचन आठवलं नाही. रडू येत होतं, ते मी थांबवलंही नाही.

त्यांनी टोपी उलटसुलट केली. "ते मला तवाच कळलं होतं, पोरी," ते म्हणाले. "तांब्या धरून नाकपुड्या मिटणारी लेक आमच्या आईला मरेपर्यंत याद होती. म्हणायची, त्या पोरीला वास सहन होईना, पन एक दिवस चुकली न्हाई."

आई तोवर चुलीकडे गेली होती. आतून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. थोड्या वेळानं तिनं पाहुण्यांपुढं ताट ठेवलं, आणि त्याच्या शेजारी दुसरं.

"तू बी बस," ती मला म्हणाली. "जेव."

मी बसले आणि जेवले.